उभ्यानं उत्तर देणारे मंत्री

आमचे मंत्री बसून उत्तर देत नसत. प्रश्न कुठलाही असो, विचारणारा कोणीही असो, ते आधी उठत, बंद गळ्याच्या कोटाचं वरचं बटण लावत आणि मगच तोंड उघडत. विधानसभेत सगळेच मंत्री उठून बोलतात. आमचे मंत्री जेवतानाही उठत. वहिनींनी "आमटी वाढू का?" म्हणून विचारलं की हे ताटावरून उभे. शेवटी त्या माउलीनं विचारणंच सोडलं, न विचारता वाढायला लागल्या. जीपमधून जाताना कोणी काही विचारलं तर ड्रायव्हर गफूरमामा मुकाट्यानं ब्रेक दाबायचे. साहेब खाली उतरणार, रस्त्याच्या कडेला उभं राहून उत्तर देणार, मग परत चढणार. एखादा चौकस माणूस बरोबर असला तर सोलापूरहून सकाळी निघालेली जीप बार्शीला दिवेलागणीला पोचायची.

हे ऐकीव नाही. मी त्यांचा अध्यक्ष होतो.

म्हणजे काय, ते सांगतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बँकेत कारकून होतो आणि संध्याकाळी हौशी नाटकांत राजा. एका प्रयोगात दुसऱ्या अंकाला माझं सिंहासन मोडलं. बुडाखालून फळीच गेली. मी उभ्यानं पुढचा अंक ओढला, आवाज थोडा चढवला इतकंच. प्रयोग संपल्यावर धोतराचा सोगा सावरत एक गृहस्थ विंगेत आले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आसन गेलं तरी तुम्ही सभागृह सोडलं नाहीत. रविवारी सकाळी रेस्ट हाउसवर या."

ते उपमंत्री होते. त्यांच्याकडे खातं कुठलं, हे सोलापुरात कोणालाच नीट सांगता यायचं नाही. तीन-चार खात्यांचे तुकडे जोडून त्यांना दिले होते, गोधडी असते तसे. पण रविवारी सकाळी रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात जे चालायचं ते मुंबईतही चालत नसेल. साहेब तिथं खरीखुरी विधानसभा भरवत. सतरंजीवर गावकरी, समोर मंत्री आणि मधे खुर्चीवर अध्यक्ष म्हणून मी. हातात खानसाम्याची जेवणाची घंटा. प्रश्न माझ्या परवानगीनं विचारायचा, मंत्र्यांनी माझ्याकडे बघून उत्तर द्यायचं, गोंधळ झाला की मी घंटा बडवायची. कामकाज संपलं की सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

हा खटाटोप कशासाठी, असं मी पहिल्याच रविवारी विचारलं. ते अर्थातच उठले. म्हणाले, "मुंबईत लोक पेपरात नाव यावं म्हणून विचारतात. इथले लोक कळावं म्हणून विचारतात. इथं पास झालो की तिथली भीती नाही."

त्यांचा एक नियम होता. प्रश्न दुसऱ्या खात्याचा आहे असं सांगून कोणाला परत पाठवायचं नाही. आणि उत्तरं सगळी सरकारी साच्यातली: "होय." "नाही." "हे अंशतः खरे आहे." "प्रश्न उद्भवत नाही." हा साचा त्यांच्या रक्तात भिनला होता. झोप झाली का म्हटलं तर "हे अंशतः खरे आहे." पण प्रश्न चांगला निघाला की साचा फुटायचा. मांडीवर थाप मारून ते ओरडायचे, "वा, काय प्रश्न आहे!" विचारणाऱ्याला वाटायचं आपलं लग्नच ठरलं.

सगळ्यात चांगले प्रश्न असायचे आप्पांचे. आप्पांचं नवी पेठेत कापडाचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलण्यात निम्मं मराठी, निम्मं कानडी. ते आणि मंत्री एका बाकावरचे शाळासोबती. एरवी अरे-तुरे, पण घंटा वाजली की आप्पा "मंत्री महोदय" म्हणायचे आणि त्या दोन शब्दांत जगातला सगळा संशय भरायचे. जन्मभर त्यांनी प्रश्नच विचारले. त्यांना कोणी काही विचारलं तर उलट "का वो?" हा त्यांचा जबाब. दुकानातसुद्धा गिऱ्हाइकानं "रंग जाईल का?" म्हटलं की आप्पा म्हणायचे, "कुटं जाईल?"

टपालाचे सहा आकडे नवीन आले होते, तेव्हाचा रविवार मला अजून दिसतो. केमकडचा एक गडी उभा राहिला. त्याच्या गावाच्या नावाचं आणखी एक गाव कुठंतरी आहे. त्यानं बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका पोस्टात टाकल्या, त्या सगळ्या त्या दुसऱ्या गावाला गेल्या.

"आन् तितनं लोकं आली की, साहेब," तो म्हणाला. "वळखीचं एक न्हाय. जेवून गेली. आमचं सोयरं अजून रुसल्यात. आता हे सा आकडं घातलं तर पत्र बरोबर जागी जाईल, हे खरं हाय का?"

टपाल दिल्लीचं, साहेब मुंबईचे. पण साहेब उठले, बटण लावलं, आणि त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली की मी घंटा खाली ठेवली. त्यांनी सहा जणांना व्हरांड्याच्या पायरीवर ओळीनं उभं केलं. तू चार, तू एक, तू तीन. पहिला देशाचा कोपरा दाखवतो, पुढचे दोघं मुलूख दाखवतात, आणि शेवटचे तिघं पोस्टाच्या दारात नेऊन सोडतात. पोस्टमन झाले ते स्वतः. हातात पत्र म्हणून माझा रुमाल. एकेका माणसाला हात लावत, "चार! महाराष्ट्राकडे. एक, तीन! सोलापूरकडे," असं पळत निघाले, आणि चौथ्या माणसापाशी अडकले. चौथे होते आप्पा. त्यांच्या वाट्याला शून्य आलं होतं.

आप्पा ओळीतून बाहेर आले. म्हणाले, नवी पेठेत चार पिढ्यांचं दुकान हाय माझं, हितं शून्य व्हायला न्हाय आलो.

"आप्पा," मंत्री कळवळून म्हणाले, "तू हललास तर पत्र सोलापुरात येत नाही."

आप्पांनी जरा विचार केला आणि परत जाऊन उभे राहिले. छाती पुढं काढून. तसं ताठ शून्य मी आजवर पाहिलेलं नाही. पुढं किती तरी दिवस पेठेत लोक त्यांना विचारायचे, आप्पा, नंबर काय आपला? आप्पा एका दमात म्हणायचे, "चार एक तीन, शून्य शून्य एक. त्यातला पयला शून्य मी."

त्या दिवशी भरात येऊन मंत्री आणखी एक बोलून गेले. नंबर बरोबर असेल तर गावाचं नाव नसलं तरी पत्र पोचेल. आप्पांनी ते मनात ठेवलं.

मग पेट्रोल भडकलं. रॉकेलला रांगा, जीप शेडमध्ये, पुढारी सायकलवर. विधानसभेत प्रश्न येणार होता: उसाच्या मळीपासून निघणाऱ्या स्पिरिटवर मोटारी चालवता येतील काय. खात्यानं उत्तर लिहून दिलं होतं, "विचाराधीन आहे." साहेबांना हा शब्द अळणी भातासारखा लागायचा. त्यांनी तो रविवारी व्हरांड्यात आणला.

त्या सकाळी ते अर्धा तास उभे होते. पेट्रोल जमिनीतून एकदा काढलं की संपलं, आणि तेही दुसऱ्याच्या जमिनीतून. ऊस दरवर्षी उगवतो. साखर काढून उरलेली मळी कारखाने खड्ड्यात ओततात, तिच्या वासानं गावं नाक धरून बसतात. त्या मळीत गाड्या पळवायची ताकद आहे! सोलापूर जिल्ह्यानं मनात आणलं तर अख्खा महाराष्ट्र उसावर पळेल! आम्ही टाळ्या पिटत होतो. मी अध्यक्ष असून पिटत होतो.

आप्पांनी हात वर केला. उपप्रश्न.

"मंत्री महोदय सोताच्या गाडीत हे घालून दाखवतील का?"

"होय."

"असल्यास, कुटंवर?"

"अक्कलकोटपर्यंत."

"आन् न्हाय पोचली, तर मंत्री महोदय खुर्ची सोडतील का?"

मी घंटेकडे हात नेला, हा प्रश्न अध्यक्षांना फेटाळता आला असता. पण मंत्र्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"वा," ते हळूच म्हणाले. "काय प्रश्न आहे. होय."

मागून कळलं की आप्पांच्या तोंडून ते चढाओढीत निसटलं होतं. दुकानात गेल्यावर ते दिवसभर कापड फाडताना चुका करत होते. पण बोललेलं सभागृहात नोंदलं गेलं होतं, आणि पुढच्या रविवारपर्यंत सोलापुरात दुसरा विषय नव्हता. मंत्री गेला तर व्हरांडा गेला, हे सतरंजीवरच्या प्रत्येकाला कळत होतं. आमचं ऐकून घ्यायला कोणीतरी उभं राहतं, याची आम्हाला सवय लागली होती.

साहेबांनी एका कारखान्यातून स्पिरिट आणलं, तेही रीतसर परवाना काढून. गफूरमामांनी टाकी कोरडी केली, कार्बोरेटर उघडून त्याच्याशी काय ते बोलून घेतलं. पेट्रोलचा थेंबही नको, असा हुकूम होता, त्यामुळे जीप सुरूच होईना. मग नवी पेठेनं ती ढकलली. सोनार, शिंपी, भांडीवाले, सगळे. चौकापाशी तिनं एक शिंक दिली, दुसरी दिली आणि एकदम पळत सुटली. मागं गोड, आंबूस वासाचा लोट. लोक टोप्या उडवत धावत होते.

"साब," गफूरमामा वळून म्हणाले, "गाडी कू चढ गई."

पुढं साहेब, मागं साक्षीदार म्हणून आप्पा आणि मी. अक्कलकोटच्या रस्त्याला जीप अशी लागली की आप्पा टोपी धरून बसले. साहेब वाऱ्यावर गाणं म्हणत होते. शेतातली माणसं हात करत होती. मी आयुष्यात पुष्कळ नाटकांत राजा झालो, पण राज्याभिषेक काय असतो ते मला त्या जीपमध्ये कळलं.

आणि नाका आला.

दारूबंदी खात्याचा नाका. बांबू आडवा, बाजूला लिंबाखाली बाकडं. तिथला शिपाई नवा होता. त्यानं आधी हवा हुंगली, मग जीप हुंगली, मग आम्हाला उतरायला सांगितलं. साहेबांची जीप घरची, पुढं दिवा नाही, झेंडा नाही. त्याला काय कळणार?

"कोन पिलंय?" त्यानं विचारलं.

साहेब उतरून उभे राहिले होतेच. बटण लावलं. "कोणीही नाही. गाडी प्यायली आहे."

शिपायानं टाकीचं झाकण काढलं आणि मागं सरला. परवाना मागितला. साहेबांनी रुबाबात काढून दिला. त्यानं सावकाश वाचला. कारखान्यापासून सोलापूरच्या रेस्ट हाउसपर्यंत.

"हे सोलापुरावर संपलं की. हितंवर कसं आनलं?"

इथं आमची चूक आम्हाला दिसली. स्पिरिट एकदा टाकीत ओतलं की ते वापरलं गेलं, असं आम्ही धरून चाललो होतो. वापरलेल्या मालाला परवाना कसला?

"आम्ही ते नेत नाही," साहेब म्हणाले. "ते आम्हाला नेतंय."

शिपायानं परवान्याची घडी घातली. "साहेब, ते टाकीत हाय का?"

"होय."

"टाकी गाडीत हाय का?"

"होय."

"गाडी सोलापुरातनं निगाली का?"

"होय."

"मग तेबी निगालं की."

साहेबांनी मांडीवर थाप मारली. "वा! काय प्रश्न आहे!" स्वतःला अडवणाऱ्या शिपायाला त्यांनी जवळजवळ मिठीच मारली. इतका सरळ प्रश्न त्यांना मुंबईत कोणी विचारला नव्हता. पण आनंद ओसरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की याला उत्तर नाही. बांबू काही वर गेला नाही.

मी त्यांच्या कानाशी लागलो. म्हटलं, साहेब, तुम्ही मंत्री आहात एवढं सांगा.

"आहे की," ते म्हणाले. "पण ते त्यानं विचारलेलं नाही."

शिपाई वाईट माणूस नव्हता. त्यानंच वाट काढून दिली. स्पिरिट पिंपात ओता, पंचनामा करतो, ते इथं राहील. पेट्रोल घाला आणि जावा पुढं. कोनाला कळतंय? गफूरमामांनी तर सीटखाली आणीबाणीचा डबा ठेवलाच होता. त्यांनी तो अर्धा बाहेर ओढला आणि आप्पांकडे बघितलं. सगळं आप्पांवर होतं. साक्षीदार ते.

आप्पा बाकड्यावर बसले होते. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. "मला झोप लागलीया," ते म्हणाले. "मी कायबी बगितलं न्हाय. घाल जा पेट्रोल."

साहेब त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "आप्पा, अक्कलकोटला लोक जमलेत. ते विचारणार, गाडी मळीवर आली काय? मला उठून उभं राहावं लागेल. उभा राहिल्यावर मी काय सांगू?"

आप्पांनी टोपी वर केली नाही. शाळेपासून इतका चांगला प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. त्यांनी "का वो" सुद्धा म्हटलं नाही.

जीप मुद्देमाल म्हणून नाक्यावर राहिली. गफूरमामा तिच्यापाशी राहिले. आम्ही तिघं मागून आलेल्या यष्टीत चढलो, उभ्यानं. अक्कलकोटच्या स्टँडवर हार होते, हलगी होती. यष्टीच्या पायरीवर मंत्री दिसले तशी हलगी आपोआप मंदावली. साहेबांनी बटण लावलं, आणि कोणी काही विचारायच्या आत प्रश्न आणि उत्तर दोन्ही स्वतःच सांगून टाकलं.

"गाडी मळीवर आली काय? होय. असल्यास कुठंवर? नाक्यापर्यंत. गाडीत काही दोष होता काय? नाही. मग कोणी अडवली? माझ्याच सरकारनं. त्याचं चुकलं काय? नाही. माझं चुकलं काय? होय."

आणि त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं. राजीनामा उघडा असावा, वाटेतल्या कोणालाही वाचता यावा, असं त्यांचं म्हणणं. स्टँडवरच्या चहाच्या टेबलावर वाकून दोन ओळी लिहिल्या, कोपऱ्यात पाठवणारा म्हणून स्वतःचं नाव घातलं, पलीकडे 'मा. मुख्यमंत्री' एवढं लिहिलं आणि कार्ड आप्पांच्या हातात दिलं.

"तू मागितलास, तूच पुरा कर. गावाचं नाव घालू नकोस. नंबर घाल, पोचेल."

आप्पांनी माझ्याकडे पाठ करून, फार वेळ घेऊन, नंबर घातला. मग ते कार्ड त्यांनी लाल पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडावर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

तो आठवडा वाईट गेला. मुंबईहून होकार नाही, नकार नाही. साहेब सायकलवर फिरत होते. कोणी "साहेब" म्हटलं की सायकलवरून उतरत आणि "हे आता अंशतः खरे आहे" म्हणत. वहिनींनी एकदा चुकून आमटीचं विचारलं, तर म्हणे ते बसूनच हो म्हणाले. वहिनींनी आत जाऊन डोळ्यांना पदर लावला.

रविवारी व्हरांडा नेहमीपेक्षा भरलेला होता आणि नेहमीपेक्षा गप्प. आप्पा आज मागं, खांबाला टेकून बसले होते. मी घंटा वाजवली. प्रश्न विचारायला कोणी उठेना. तेवढ्यात फाटकातून पोस्टमन आला. नेहमीचाच, ओळखीचा. त्याच्या हातात ते कार्ड होतं.

"साहेब," तो डोकं खाजवत म्हणाला, "नंबर आपल्या गावचा हाय. पर मुख्यमंत्री तर सोलापुरात न्हाईत. पोस्टात समद्यांनी इचार केला. मग म्हटलं, हितल्या मंत्र्यांत मुख्य ते तुमीच की."

साहेबांनी कार्ड हातात घेतलं, उलटलं. मोठ्यांदा वाचलं. "चार एक तीन, शून्य शून्य एक." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू पसरलं. आधी लहान, मग आवरेना इतकं. "पोचलं!" ते म्हणाले. "गावाचं नाव नसून पोचलं!" केमचा गडी मागून ओरडला, खरं हाय म्हंजे. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग साहेबांना आठवलं की हा आपला राजीनामा आहे.

ते थांबले. बटण लावलं. आणि त्या व्हरांड्यात पहिल्यांदाच मंत्र्यांनी प्रश्न विचारला.

"अध्यक्ष महोदय, हा नंबर नवी पेठेच्या सन्माननीय सदस्यांनी घातला, हे खरे आहे काय?"

आप्पा मागं बसूनच म्हणाले, "व्हय. मला येवडा एकच नंबर येतो. मी त्यात उभा हुतो."

"मग तो चुकून घातला, हे खरे आहे काय?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. खांबाचा आधार घेत ते उठले. सदऱ्याची गुंडी चाचपली, वरची, आणि ती लावली. असं ताठ उभं राहिलेलं त्यांना मी त्याआधी एकदाच बघितलं होतं. शाळासोबत्याकडे न बघता, रीतीप्रमाणे अध्यक्षांकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उभ्यानं उत्तर दिलं.

"हे अंशतः खरं हाय."

मंत्र्यांचं तोंड उपप्रश्नासाठी उघडलं. मी घंटा उचलली आणि ती अशी बडवली की खानसामा भाकऱ्या घेऊन धावत आला.